ग्वाल्हेर ते पोखरा : बसमधल्या राउटरचं सिम सीमेपार नेताना

आदली संध्याकाळ : ग्वाल्हेर, लष्कर

महाराज बाड्यामागच्या गल्लीत सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. मार्ग ठरलेला : भिंड, इटावा, लखनौ, गोरखपूर, सोनौली, लुंबिनी, पोखरा आणि परत. चिवड्याचे डबे चढले, आजी-आजोबांच्या उशा चढल्या. सिमवर चालून बसभर वायफाय देणारा राउटर मात्र अजून खोक्यात. सहलींत राउटर नेहमी शेवटी चढतो आणि सीमेवर सगळ्यांत आधी तोच रुसतो.

सुरुवात मॉडेमच्या, म्हणजे राउटरमधल्या मोबाइल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या, बँडपासून; बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरलेला पट्टा. भारतात ४जी मुख्यतः बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालतं. नेपाळ टेलिकॉमकडे १८०० मेगाहर्ट्झचा बँड ३ आहे, शिवाय ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०. हा बँड २० भारतात वापरात नाही, त्यामुळे फक्त भारतासाठी बनलेल्या राउटरमध्ये तो असेलच असं नाही. शहरात फरक कळत नाही, कारण बँड ३ दोन्हीकडे आहे. डोंगरात कळतो, कारण कमी फ्रिक्वेन्सी लांब पोचते. क्वेक्टेलच्या ईसी२५ मॉडेमचंच पाहा : त्याच्या ‘ई’ प्रकारात बँड २० आणि ४० दोन्ही आहेत, ‘ए’ या अमेरिकी प्रकारात दोन्ही नाहीत. खोक्यावरचं ठळक नाव सोडून आतल्या मॉडेमचं पूर्ण मॉडेल वाचायचं ते यासाठी.

मग सिमचा आकार. बऱ्याच राउटरचा ट्रे जुन्या मोठ्या सिमचा असतो, २५ बाय १५ मिलिमीटरचा. नॅनो सिम प्लॅस्टिकच्या अॅडॅप्टरमध्ये बसवून घातलं की घरी चालतं. भिंडच्या रस्त्यावर बस हादरली की सुटतं. दुकानात त्याच आकारात मोडता येणारं तिहेरी कापाचं सिम मागावं. अॅडॅप्टरच वापरायचा तर मागून पातळ चिकटपट्टी लावावी आणि ट्रे बाहेर काढताना ओढाताण करू नये, आतल्या पिना वाकतात.

सिमला पिन असेल तर ती आधी फोनमध्ये घालून बंद करून टाकावी. राउटरमध्ये चुकीची पिन साठवलेली असली की तो सुरू होताना तीच पाठवतो. तीन वेळा चुकली की सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा कोड, मागतं, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं.

१३ अंकी क्रमांकाचं एमटूएम (यंत्र-ते-यंत्र) सिम असेल तर ते आजच बाजूला ठेवा. अशा सिमचं एपीएन (कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव) बहुधा बांधलेलं असतं आणि परदेशी रोमिंग बंद असतं. मीटरसाठी ते उत्तम, सहलीसाठी निरुपयोगी.

वीज आणि अँटेना यांत काटकसर नको. राउटर १० वॅटच्या आत चालतो, म्हणजे १२ व्होल्टवर एक अँपिअरपेक्षा कमी. तारेवर २ अँपिअरचा फ्यूज पुरतो. गाडी सुरू करताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, म्हणून ९ ते ३० व्होल्ट झेलणारा राउटर घ्यावा, नाहीतर प्रत्येक चहाच्या थांब्यानंतर तो नव्याने सुरू होईल. बसचं छत पत्र्याचं, तेव्हा अँटेना बाहेरच. दोन असतात, मुख्य आणि साहाय्यक. दोन्ही जोडायच्या आणि एकमेकींपासून वीतभर तरी लांब, साधारण २० सेंटिमीटर. तीन मीटर बारीक आरजी-१७४ केबल फुकट मिळाली तरी नको : १८०० मेगाहर्ट्झवर ती दर मीटरला एक डेसिबलहून जास्त सिग्नल खाते.

पहिला दिवस : ग्वाल्हेर – भिंड – इटावा – लखनौ

भिंड सोडल्यावर चंबळचा पूल लागतो. पलीकडे उत्तर प्रदेश. नेपाळची रंगीत तालीम इथेच होते, पण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

ग्वाल्हेरचं सिम मध्य प्रदेश–छत्तीसगड सर्कलचं, म्हणजे त्या दूरसंचार विभागाचं. कंपनी तीच राहिली तरी सर्कल बदललं की नेटवर्कचा कोड बदलू शकतो. भारताचे कोड ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात आणि पुढचे आकडे कंपनी आणि सर्कलप्रमाणे वेगळे. फोनमध्ये कंपन्यांनी आधीच सोय केलेली असते, त्यामुळे तो याला रोमिंग मानत नाही. राउटर मानू शकतो. त्यात ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर पूल ओलांडल्यावर सिग्नलच्या काड्या पूर्ण, इंटरनेट शून्य.

हे ओळखायला राउटरच्या टर्मिनलमध्ये मॉडेमला एकच प्रश्न विचारायचा : एटी+सीईआरईजी? (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाकताना रोमन अक्षरंच लागतात.) उत्तरातला दुसरा आकडा महत्त्वाचा. १ म्हणजे घरच्या नेटवर्कवर नोंद झाली. ५ म्हणजे नोंद झाली, पण पाहुणा म्हणून. २ म्हणजे शोध चालू. ३ म्हणजे नेटवर्कने नकार दिला. ० म्हणजे नोंदही नाही आणि शोधही नाही. जुन्या २जी-३जी नोंदीसाठी असाच प्रश्न सीआरईजीने विचारतात. पूर्ण प्रवासभर हाच आकडा बघायचा. काड्यांवर विश्वास नको. काड्या टॉवर ऐकू येतो एवढंच सांगतात, टॉवरने आत घेतलं की नाही ते सांगत नाहीत.

चंबळनंतर ५ दिसला आणि डेटा नाही, तर राउटरचं रोमिंग चालू करा. क्वेक्टेल मॉडेममध्ये रोमिंगची स्वतःची वेगळी सेटिंग असते, ‘रोमसर्व्हिस’ नावाची. राउटरच्या पानावर परवानगी असूनही मॉडेममध्ये ती बंद असू शकते. दोन्ही तपासा. ही गाठ आज सुटली तर सोनौलीला एक संशयित कमी.

पुढे आग्रा–लखनौ एक्सप्रेसवे. ३०२ किलोमीटरचा हा रस्ता इटावाजवळून पकडला की लखनौपर्यंत राउटरला फारसं काम नाही.

दुसरा दिवस : लखनौ – अयोध्या – बस्ती – गोरखपूर

दिवसभर सपाट रस्ता. खरं काम संध्याकाळी गोरखपूरच्या लॉजवर, कारण घरचं नेटवर्क आणि ग्राहक सेवा सहज हाताशी असण्याचा हा शेवटचा मुक्काम.

आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू झाल्याचा एसएमएस सिमवर यायला हवा, आणि तो राउटरच्या इनबॉक्समध्ये येतो, फोनवर नाही; अनेक जण तो बघतच नाहीत. नेपाळचा पॅक घेताना तीन गोष्टी वाचायच्या : मुदत खरेदीपासून मोजतात की पहिल्या वापरापासून, दिवसाला डेटा किती, आणि पॅक नेपाळमधल्या कोणत्या कंपनीवर चालतो. तिथे दोनच मोठ्या कंपन्या : नेपाळ टेलिकॉम, कोड ४२९०१, आणि एनसेल, कोड ४२९०२. पॅक एकीचा आणि नोंद दुसरीवर झाली तर आकडा ५ दिसतो, तरी डेटा नाही किंवा पॅकबाहेरच्या दराने पैसे कटतात. हे दोन कोड कागदावर लिहून चालकाच्या आरशाला खोचून ठेवा.

एपीएन घरचंच ठेवायचं. सिम भारतीय तर नेपाळमध्येही एपीएन भारतीय कंपनीचं : जिओसाठी जिओनेट, एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, सगळं रोमन छोट्या अक्षरांत. ‘नेपाळला आलो म्हणून नेपाळचं एपीएन टाकलं’ ही चूक फार होते. त्यावर मिळणारा नकार २७ नंबरचा, म्हणजे एपीएन माहीतच नाही. शिवाय आयपी (इंटरनेट पत्त्याचा) प्रकार ‘आयपीव्ही४ आणि ६’ असेल तर तो फक्त ‘आयपीव्ही४’ करून ठेवावा. पाहुण्या नेटवर्कला दुहेरी प्रकार झेपला नाही तर सत्रच उभं राहत नाही, आणि दोष दिला जातो टॉवरला.

राउटरच्या सेटिंगची प्रत फाइलमध्ये काढून फोनवर ठेवा. परतीच्या दिवशी हीच पुन्हा चढवायची आहे.

तिसरा दिवस : गोरखपूर – नौतनवा – सोनौली – बेलहिया – लुंबिनी

गोरखपूरहून सोनौली शंभर किलोमीटरच्या आत. फरेंदा, नौतनवा, आणि मग ट्रकांची रांग. या रांगेतच पहिला पैसा वाया जातो. टॉवरच्या लहरींना भन्सारची, म्हणजे नेपाळी सीमाशुल्काची, कमान ठाऊक नसते. बस भारतात उभी असतानाच राउटर नेपाळचा टॉवर पकडू शकतो आणि रोमिंगचा मीटर पळू लागतो. ‘रोमिंग बंद करून टाका’ हा सल्ला ग्वाल्हेरच्या सिमला चालत नाही. चंबळपासून ते रोमिंगवरच आहे. रोमिंग बंद केलं तर भारतातलं नेटही जाईल. उपाय म्हणजे नेटवर्क हाताने बांधणं. नौतनव्याला एटी+सीओपीएस=३,२ दिलं की नाव आकड्यांत दिसू लागतं; मग एटी+सीओपीएस? विचारून आत्ताचा भारतीय कोड टिपायचा आणि एटी+सीओपीएस=१,२ नंतर अवतरणात तो कोड द्यायचा. आता राउटर दुसऱ्या कोडकडे ढुंकून पाहणार नाही.

सोनौलीपलीकडच्या बेलहियाला बसचा भन्सार, म्हणजे गाडीचा सीमाशुल्क परवाना, होईपर्यंत वेळच वेळ. कमान ओलांडल्यावर पॅकमधल्या कंपनीचा कोड द्या, ४२९०१ किंवा ४२९०२. साधारण मिनिटभरात आकडा ५ व्हायला हवा. इथे उगाच एटी+सीओपीएस=? देऊन सगळी नेटवर्कं धुंडाळू नका : या शोधाला तीन मिनिटंही लागतात आणि तोवर डेटा बंद असतो.

सगळ्यांत चिवट बिघाडही इथलाच. क्रम बहुधा असा असतो. रोमिंग सेवा अजून चालू झालेली नाही. राउटर दोन्ही नेपाळी नेटवर्कांवर नोंद मागतो, दोन्हीकडून नकार : आकडा ३, कारण ११, म्हणजे ‘हे नेटवर्क तुला मोकळं नाही’. हा नकार मॉडेम सिमवरच लिहून ठेवतो, निषिद्ध नेटवर्कांच्या यादीत. अर्ध्या तासाने घरून कुणीतरी पॅक चालू करतं, एसएमएस येतो, सगळे खूश, राउटर ढिम्म. तो त्या यादीतल्या कोडकडे आपणहून पुन्हा जाणारच नाही. राउटर बंद-चालू करूनही फरक नाही, कारण यादी सिमवर आहे. सिम काढून फोनमध्ये घातलं तर फोनही अडतो, आणि निष्कर्ष निघतो : सिम खराब आहे. सिम ठणठणीत असतं.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे कोड हाताने निवडणं. हाताने निवडताना यादी आडवी येत नाही आणि नोंद यशस्वी झाली की तो कोड यादीतून निघतो. ते जमलं नाही तर यादीच पुसायची : एटी+सीआरएसएम=२१४,२८५३९,०,०,१२ आणि पुढे अवतरणात चोवीस ‘एफ’. २८५३९ हा सिमवरच्या त्या यादीच्या फाइलचा क्रमांक, १२ ही तिची लांबी बाइटमध्ये, आणि एफ-एफची जोडी म्हणजे रिकामी जागा. आधी २१४ ऐवजी १७६ देऊन फाइल वाचून बघा. त्यात ४२९ चे आकडे उलटसुलट जोड्यांत, ‘२४एफ९१०’ असे दिसले तर चोर सापडला. पुसल्यावर मॉडेम एकदा बंद-चालू करायचा.

नकाराचं कारण १३ किंवा १५ असेल तर तो त्या भागापुरता असतो आणि मॉडेम बंद-चालू केला की विसरला जातो. कारण ७ किंवा ८ आलं तर राउटरशी झटापट थांबवा. ते घरच्या कंपनीच्या खात्यातून सुटायचं.

आकडा ५ आला तरी इंटरनेट नसेल तर खालच्या पायरीवरून वर जायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून : नोंद नसताना एपीएन बदलून काही होत नाही आणि आयपी पत्ता नसताना डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून काही होत नाही. एटी+सीजीपीएडीडीआर विचारल्यावर पत्ता मिळाला का? नसेल तर एपीएन आणि आयपी प्रकार बघा. कारण ३३ आलं तर डेटाची सेवाच खात्यावर नाही. पत्ता असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. पिंग जातं पण नावाने साइट उघडत नाही, मग दोष डीएनएसचा. राउटरमध्ये हाताने लिहिलेला डीएनएस काढून नेटवर्कचाच घ्या. पत्ता आहे, पिंगही अडखळत जातं आणि सगळं गोगलगाईच्या चालीने, तेव्हा आधी पॅकचा शिल्लक डेटा पाहा. पंधरा फोन वायफायला लागले की फोटोंचा बॅकअप आणि अॅपचे अपडेट दुपारच्या जेवणाआधी दिवसाचा कोटा संपवतात. “काकू, बॅकअप बंद करा” हे वाक्य बसमधल्या कोणत्याही आज्ञेपेक्षा जास्त उपयोगी.

ज्यांना दुसऱ्या खणात नेपाळी सिम घालायचं आहे त्यांनी ते भैरहव्यातल्या दुकानात, ओळखपत्राची प्रत आणि फोटो देऊन घ्यावं, आणि दुकानातच फोनमध्ये डेटा चालवून बघावा. एपीएन : नेपाळ टेलिकॉमला एनटीनेट, एनसेलला वेब. नेपाळमध्ये उपकरणांच्या आयएमईआय (प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र क्रमांक) नोंदणीची सरकारी व्यवस्था आहे, तेव्हा राउटरचा आयएमईआय दाखवून दुकानदाराला विचारून ठेवलेलं बरं.

लुंबिनीला पोचेपर्यंत संध्याकाळ. मायादेवी मंदिराच्या परिसरात राउटरचं काही काम नाही.

चौथा दिवस : लुंबिनी – बुटवल – पाल्पा – पोखरा

बुटवलपर्यंत तराई, सपाट. त्यानंतर सिद्धार्थ राजमार्ग तिनाऊ नदीच्या घळीत शिरतो, सिद्धबाबाच्या दरडी लागतात आणि सिग्नल हेलकावे खातो. इथे आकडे बघायचे ते आरएसआरपीचे, म्हणजे टॉवरच्या सिग्नलच्या जोराचे : उणे ९० डीबीएमच्या आसपास निवांत, उणे ११० च्या पलीकडे धुगधुगी. सीएसक्यू या दुसऱ्या सिग्नलमापात ९९ म्हणजे मोजताच आलं नाही. इतर आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात, म्हणजे १५ आला तर उणे ८३.

या घाटात खरा त्रास दोन सिमच्या आपोआप अदलाबदलीचा. राउटर दर काही सेकंदांनी पिंग करतो आणि उत्तर नाही आलं तर दुसऱ्या सिमवर उडी मारतो. रोमिंगवर उत्तराला मुळातच वेळ लागतो, कारण डेटा नेपाळच्या टॉवरवरून आधी भारतातल्या कंपनीच्या गेटवेला जातो आणि तिथून जगात. काठमांडूची साइटसुद्धा भारताला वळसा घालून येते. एक सेकंदाची मर्यादा ठेवलेला राउटर मग चांगलं सिम सोडून वाईटावर जातो, तिथे मिनिटभर नोंद होते, पुन्हा परत, झोपाळाच. मर्यादा पाच सेकंद, सलग पाच अपयशं आणि तपासणी मिनिटाला एकदा, एवढी ढील द्या. पाल्पा ते स्यांग्जा या पट्ट्यात अदलाबदल बंदच ठेवली तर आणखी बरं.

बँड २० असलेला मॉडेम इथे कामाला येतो. बँड बांधून ठेवायचा मोह नको. वळण संपलं की बँड ३ लागतो.

पाचवा दिवस : पोखरा

फेवा तालाच्या काठी नेट चांगलं, तक्रार एकच : व्हॉट्सअॅप चालतं, पण बँकेची किंवा कार्यालयाची साइट अर्धवट उघडून लटकते. हा एमटीयूचा, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, दोष. रोमिंगच्या वाटेत प्रत्येक पाकिटावर आणखी वेष्टणं चढतात. मोठी पाकिटं मावत नाहीत आणि मुकाट गळतात. लिनक्सवर पिंगला ‘तुकडे करू नको’ सांगून १३७२ बाइट पाठवा. २८ बाइटांचं शीर्षक धरून १४०० होतात. गेलं तर एमटीयू १४००, नाही गेलं तर वीस-वीसने उतरा. वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा (इंटरनेटमधून काढलेली खासगी जोडणी) असेल तर त्याचा एमटीयू आणखी ८० ने कमी, म्हणजे १३२०. त्याचा मूळचा १४२० इथे घात करतो.

बाहेरून राउटरमध्ये शिरायचं तर पोर्ट उघडून उपयोग नाही. मोबाइल नेटवर्कवर बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्याआड अनेक ग्राहक असतात. राउटरनेच आतून बाहेर बोगदा काढायचा.

सहावा दिवस : पोखरा – सोनौली – गोरखपूर

परतीला बिघाड उलट्या दिशेने येतात आणि लोक गाफील असतात. सोनौलीत नेट गेलं तर आधी हाताने बांधलेला कोड आठवा : राउटर अजून ४२९०१ शोधत बसला आहे. एटी+सीओपीएस=० दिलं की तो पुन्हा मोकळा. पण हे कमानीपाशी नव्हे, नौतनव्याच्या पुढे करा. जवळच केलंत तर तो ऐकू येणारा नेपाळी टॉवर धरून बसेल. तोवर भारतीय कोड हाताने.

दुसरी गोष्ट घड्याळाची. नेपाळ भारताच्या १५ मिनिटं पुढे आहे, आणि काही राउटर टॉवरकडून वेळ घेताना टाइमझोनचा फरक नीट धरत नाहीत. त्यांच्या नोंदवहीत तिसऱ्या दिवसापासून सगळ्या घटना पाव तास मागेपुढे दिसतात, तो गोंधळ सोसवतो. परतताना मात्र घड्याळ १५ मिनिटं मागे जातं, आणि वायरगार्डचा सर्व्हर आधीपेक्षा जुन्या वेळेची हातमिळवणी नाकारतो. इंटरनेट सुरळीत, बोगदा बंद, कारण दिसत नाही. पाव तास थांबलं की आपोआप जुळतं. थांबायचं नसेल तर सर्व्हरवर त्या जोडणीची नोंद काढून पुन्हा घालावी. पुढच्या वेळी टॉवरची वेळ बंद करून एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू ठेवा.

गोरखपूरला दुसऱ्या दिवशी काढलेली सेटिंगची प्रत परत चढवा. नेपाळी सिम दुसऱ्या खणातून काढून घ्या, नाहीतर अदलाबदलीत राउटर त्याच्याकडे जात राहील. आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद केल्याचा एसएमएसही राउटरच्याच इनबॉक्समध्ये येईल.

सातवा दिवस : गोरखपूर – ग्वाल्हेर

लांबचा पल्ला, लखनौला जेवण. चंबळचा पूल ओलांडल्यावर भिंडच्या अलीकडे एटी+सीईआरईजी? विचारा, उत्तरात १ आला पाहिजे. ५ च राहिला तर राउटरने अजून उत्तर प्रदेशचा टॉवर सोडलेला नाही. मॉडेम एकदा बंद-चालू करा.